हात वर होण्याआधी

"काका, मान हलवू नका. पाणी ओघळलं तर ओघळू दे."

आनंदाने मान हलविली नाही. त्याच्या डोक्यावर एक घट्ट कापडी टोपी चढविलेली होती. तिला ठिकठिकाणी ओले स्पंज लावलेले होते आणि प्रत्येक स्पंजातून निघालेली बारीक तार पाठीवरून उतरून टेबलावरील एका डबीत शिरत होती. स्पंजातील खारट पाण्याचा थेंब कानामागून निघून इस्त्रीच्या सदऱ्यात गेला, तरी तो निश्चल बसून राहिला. दाराशी माई टॉवेल घेऊन उभ्या होत्या. रविवारची सकाळ होती. अंबरनाथ पश्चिमेच्या त्या तिसऱ्या मजल्यावरील दिवाणखान्यात पंख्याखेरीज कशाचाही आवाज नव्हता, कारण पंख्याखेरीज सर्व काही राजसीने बंद करावयास लावले होते. आजोबांचे वर्तमानपत्रसुद्धा तिने दोनदा खाली ठेवावयास लावले होते, कारण ते पान फार जोराने उलटीत.

राजसी ही श्यामकांत साहेबांची आणि माईंची नात. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत ती माणसाच्या मेंदूचा अभ्यास करीत होती, आणि तिला अशी माणसे हवी होती की ज्यांनी आयुष्यभर डोळ्यांनी पारखून हाताने एकच निर्णय पुनःपुन्हा घेतलेला आहे. आजोबांना तत्काळ एकच नाव सुचले. आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या रंगाच्या कारखान्यात ते व्यवस्थापक होते, तेथे आनंदाने एकतीस वर्षे काढली होती. साहेबांचा फोन गेला, आणि गेले तीन रविवार आनंदा वांगणीहून नेमाने येत होता. साहेबांनी बोलाविले आणि तो गेला नाही, असे नोकरीत कधी घडले नव्हते. निवृत्त झाल्यावरही ते घडावे असे त्यास वाटले नाही.

काम सोपे होते. पडद्यावर एक ठिपका घड्याळाच्या काट्याप्रमाणे गोल फिरत असे. मनास येईल तेव्हा डावा किंवा उजवा हात टेबलावरून उचलावयाचा, आणि मनात आले त्या क्षणी ठिपका कोठे होता ते सांगावयाचे. कोणताही हात, केव्हाही, सक्ती कशाचीच नाही. पहिल्या रविवारी आनंदा अवघडून गेला होता. सक्ती नसलेले काम त्याने आजवर केलेच नव्हते. परंतु तिसऱ्या रविवारी तो रुळला होता, आणि शंभर वेळा हात उचलून झाल्यावर राजसीने टोपी काढली, तेव्हा माईंनी त्याचे डोके स्वतःच्या हाताने पुसले व तो लाजला.

राजसीने लॅपटॉप त्याच्याकडे वळविला. त्यावर एक लाल रेघ होती.

"हे बघा काका. इथे तुमचा हात हलला. त्याच्या जरा आधी, इथे, तुम्ही म्हणता की मला आता उचलावासा वाटला. आणि रेघ चढायला लागली ती इथून. त्याच्याही आधी."

आनंदाने रेघेवर बोट न टेकविता बोट फिरविले.

"म्हंजे मला वाटायच्या आदीच हात निघाला व्हता?"

"निघाला नव्हता. निघायची तयारी सुरू झाली होती. आणि कुठला हात, ते कॉम्प्युटरने आधीच लिहून ठेवलं होतं. शंभरात सत्तरदा बरोबर."

"तयारी कोनी केली?"

राजसी हसली. तो वादच तर अजून मिटलेला नाही, असे ती म्हणाली. काही शास्त्रज्ञांचे मत असे की, मेंदू आपले आपण ठरवितो व आपणांस मागाहून कळवितो. दुसरे काही म्हणतात की, ही रेघ म्हणजे पाण्यावर उगाच उठणारी हालचाल, तिला निर्णय म्हणणे चूक. तिने दोन्ही बाजू नीट सांगितल्या. परंतु आनंदाच्या कानात पहिली बाजू शिरली आणि दुसरीला जागा उरली नाही.

"आमच्या सोसायटीच्या सभेसारखंच झालं की," श्यामकांत वर्तमानपत्रामागून म्हणाले. "ठराव आधीच पास झालेला असतो. आपण नुसता हात वर करायचा."

माई हसल्या, राजसीही हसली. आनंदाने चहाची बशी खाली ठेवली. झालेल्या जुन्या गोष्टीचेही असे काही कळते काय, असे त्याने विचारले. राजसी म्हणाली, नाही काका, झालेल्या गोष्टीची रेघ कोठून आणणार? तरीपण हात वर होतो तो माणसाच्या नकळत होऊ शकतो, एवढे तरी खरे ना, असे त्याने पुन्हा विचारले. अगदी थोड्या वेळापुरते, डोळ्याची पापणी लवावी तेवढ्यापुरते, कदाचित होय, असे तिने सांगितले.

तेवढे त्यास पुरे होते.

आनंदाची विद्या अशी होती. टाकीत रंग शिजावयास टाकला की तो केव्हा पुरा झाला हे सांगावयास कारखान्यात प्रयोगशाळा होती, परंतु तेथून कागद येईपर्यंत अर्धा तास जाई आणि तोवर रंग बिघडे. म्हणून काचेच्या काडीने एक थेंब टिपकागदावर टाकावयाचा. थेंबाभोवती ओलीचे वर्तुळ फुटे, आणि त्या वर्तुळाच्या काठावर जी छटा उमटे तीवरून आनंदा सांगे, झाला किंवा नाही झाला. सहावीतून शाळा सोडलेला हा कुणब्याचा मुलगा. परंतु पदवीधर मुले त्याचा कागद पाहावयास येत आणि काही न दिसून परत जात. पाहुणे आले की श्यामकांत साहेब त्यास बोलावून म्हणत, हा आमचा आनंदा, याचे डोळे प्रयोगशाळेहून जुने आहेत.

तो वर लोखंडी माळ्यावर असे, आणि खाली फिल्टरपाशी दुसरा कामगार. यंत्रांच्या घरघरीत हाकेचा उपयोग नव्हता. म्हणून रीत अशी पडली होती की, वरच्याने आधी टाकीत कोंडलेला दाब सोडावयाचा, मग हातातील काडी ठेवून उजवा हात वर करावयाचा. हात दिसला की खालच्याने वाल्व उघडावयाचा. ही रीत कोठे लिहिलेली नव्हती, परंतु तीवर कारखाना चालत होता. दुसरीही एक रीत होती, तीही कोठे लिहिलेली नव्हती. साहेब दिसले की हात कपाळाकडे न्यावयाचा.

अकरा वर्षांपूर्वी एका मंगळवारी या दोन रीतींची गाठ पडली. खाली सुजित उभा होता, सव्वीस वर्षांचा, लग्नाला वर्षही न झालेला. टाकीतील दाब अजून सोडावयाचा होता. आनंदा टिपकागद पाहत असतानाच जिन्यावरून श्यामकांत साहेब वर आले. उजव्या हातात काडी होती, म्हणून डावा हात उठला. कपाळापाशी तो थांबला की त्याहून वर गेला, हे आनंदास नंतर कधीही निश्चित आठविता आले नाही. त्याच क्षणी खालून किंकाळी आली. उकळता रंग नळी उडवून बाहेर आला होता. सुजितचा डावा डोळा गेला, उजव्याने अंधुक दिसावे तेवढे उरले, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत असे झाले की उन्हाळ्यातही तो पूर्ण बाह्यांचा सदरा घालू लागला.

चौकशी चौथ्या दिवशी झाली. सुजितने इस्पितळातून सांगितले होते की, मी आनंदादाचा हात पाहिला, डावा हात, म्हणून वाल्व उघडला. श्यामकांत साहेब टेबलाच्या पलीकडे बसले होते. त्यांनी आनंदाकडे पाहून म्हटले, "दाब सोडल्याशिवाय तू हात वर करणार नाहीस. आणि इशारा तर उजव्या हाताचा असतो. नव्हता ना केलास?"

"नाय सायेब," आनंदा म्हणाला होता.

कागदावर लिहिले गेले की, कामगाराने इशाऱ्याची वाट न पाहता वाल्व उघडला. डावा हात पाहिल्याचे तो सांगतो, यावरूनच त्याने काहीही पाहिले नव्हते हे सिद्ध होते. आनंदाने खाली सही केली. त्या दिवसापासून त्याने स्वतःस एक वाक्य शिकविले. इशारा मी केलाच नव्हता, मी नमस्कार केला होता. हे वाक्य दिवसा टिके. परंतु शेतात, बसमध्ये, देवळात, कोठेही कोणी ओळखीचा दिसून हात वर झाला की ते मोडे. शेवटी शेवटी तो लोकांस दोन्ही हात जोडू लागला. लोक म्हणाले, आनंदा देवमाणूस झाला.

त्या तिसऱ्या रविवारी मात्र तो वांगणीस उतरला तो हलका होऊन. घरी जाताना वाटेत कोणी तरी राम राम घातला, तेव्हा त्याने अकरा वर्षांत प्रथमच एक हात उचलला. आपल्या मेंदूत एक रेघ आहे, ती आपणांस विचारीत नाही, आणि त्या मंगळवारी ती रेघच चढली होती, मी नव्हतो, असे त्यास वाटले. तो दोन भाकरी जास्त जेवला. आठवडाभर वांग्यांच्या वाफ्यांत काम करताना तो गुणगुणत होता. त्याच्या बायकोने, बनूबाईने, हे सर्व पाहिले आणि शनिवारपर्यंत काही विचारले नाही. शनिवारी संध्याकाळी ओसरीवर शेंगा सोलताना त्यानेच टोपीची, रेघेची आणि पापणी लवण्याची सर्व हकीकत तिला सांगितली.

बनूबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतले. नवऱ्याच्या मनात काय आहे हे तिला ऐकून घ्यावे लागत नसे, तरीही ऐकले.

"म्हंजी हात तुमचा नव्हता."

"शास्तर सांगतंय. मी नाय सांगत."

"मग एकतीस वरसा थेंब बघून तुमी हात वर करीत व्हता, तो पन तुमचा नव्हता? सायेब पावन्यांना दाखवीत व्हतं, ती हुशारी पन त्या रेगंची?"

आनंदाने शेंग हातात धरली. हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. हात काढून टाकला तर त्याबरोबर हातातील गुणही जातो, आणि मग आनंदा म्हणून उरते ते काय?

"बरा, तो हात ऱ्हाऊ द्या," बनूबाई म्हणाली. "गेला आसंल आपोआप. मना कबूल. चवथ्या दिशी सायबापुढं नाय म्हनलांव, तवा तोंड पन आपोआप उगडला?"

तिने हे रागाने म्हटले नाही. शेंगांची साले सुपात पाखडीत म्हटले, आणि उठून दिवा लावावयास आत गेली. तो एकटा बसून राहिला. त्या चार दिवसांतील प्रत्येक गोष्ट त्यास आठवत होती. बुधवारी तो कामावर गेला नव्हता. गुरुवारी त्याने इस्पितळाच्या दारापर्यंत जाऊन पाय मागे घेतला होता. शुक्रवारी कोणता सदरा घालावा हेदेखील त्याने दोनदा ठरविले होते. पापणी लवण्याइतका तो काळ नव्हता. त्यात सूर्य तीन वेळा उगवला होता.

दुसऱ्या दिवशी, चौथ्या रविवारी, तो अंबरनाथला गेला तेव्हा राजसी तारा सोडवीत होती. त्याने चपला काढून, उभ्यानेच तिला विचारले की, माणूस चार दिवस विचार करून एखादी गोष्ट बोलला, तर ती बोलण्याआधी यंत्रास कळेल काय?

राजसीने तारा खाली ठेवल्या. कोणी खरोखर विचारले की ती थट्टा करीत नसे.

"नाही काका. माझं मशीन अर्ध्या सेकंदापुरतं बोलतं. चार दिवसांबद्दल त्याला काही कळत नाही. मलाही नाही."

"म्हंजे ते माझंच."

"ते तुमचं नाही असं मी तरी सांगू शकत नाही."

आनंदाने मान डोलाविली. मग तो श्यामकांतांकडे वळला. ते आरामखुर्चीत होते. त्यांस आता गुडघ्यांमुळे चटकन उठता येत नसे. आनंदाने त्यांस सांगितले की, आज टोपी घालणार नाही. उल्हासनगरला, पाच नंबर कॅम्पात सुजितकडे जायचे आहे, तुम्हांला सांगून जावे असे वाटले.

कोण सुजित, असे साहेबांनी विचारले नाही. राजसीने आजोबांकडे पाहिले, मग माईंकडे. माई टॉवेलाची घडी घालू लागल्या.

"आता काय उपयोग, आनंदा?" साहेब हळू म्हणाले. "कारखान्याचे मालक बदलले. कागद कुठे असतील देव जाणे. तुझं मन मोकळं होईल, पण त्याची जखम उकरली जाईल."

"तुमी जिन्यावर व्हता, सायेब. तुमी माझा हात पाह्यला व्हता."

श्यामकांतांनी चष्मा काढला व तो पुसला नाही, नुसताच हातात ठेवला.

"पाहिला होता," ते म्हणाले. "आणि तुला प्रश्न विचारला तेव्हा तू काय उत्तर देशील तेही मला ठाऊक होतं. वीस वर्षं तुला ओळखत होतो. त्यासाठी टोपी लागत नाही."

"तुमाला ठाऊक व्हतं," आनंदा म्हणाला, "पन मला नव्हतं, सायेब. तोंड उघडेपरयंत मला ठाऊक नव्हतं. मला दुसरं बी बोलता आलं असतं."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढविला. आनंदाने सवयीप्रमाणे त्यांच्या पायांस हात लावला, कारण माणूस वडीलधारा होता आणि ती रीत त्यास चुकीची वाटली नाही. माई जिन्यापर्यंत आल्या. त्यांनी त्याच्या सदऱ्याची उलटी वळलेली कॉलर नीट केली.

रिक्षात बसून त्याने सर्व भाषण मनात रचले. आधी टोपीबद्दल सांगावे, मग रेघेबद्दल, मग शास्त्रज्ञांच्या दोन मतांबद्दल, म्हणजे ऐकणाऱ्यास धक्का कमी बसेल. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या गल्ल्या सुरू झाल्या, जिकडेतिकडे निळ्या आणि काळ्या पॅन्टींचे गठ्ठे दिसू लागले, तसतसे ते भाषण त्याच्या हातातून सुटत गेले. गल्लीच्या तोंडाशी तो उतरला तेव्हा पहिले वाक्यही आठवेना.

सुजितचे घर म्हणजे रस्त्यालगतची एक खोली. दार उघडे होते. आत पॅन्टींच्या राशीत मांडी घालून सुजित बसला होता, हातात लहान कात्री. शिलाईनंतर कापडास लोंबत राहिलेले धागे कापण्याचे काम तो घरी करी. उजवा डोळा कामाचा नव्हता असे नाही, परंतु धागा तो बोटांनीच शोधी. बोट शिवणीवरून सरके, धागा सापडे, कात्री वाजे. भिंतीशी त्याची बायको माधवी शिलाई मशीनवर लेबले लावीत होती.

दारात सावली पडली तशी सुजितने मान वर केली. कोण आहे हे त्याने माधवीला विचारले. आनंदाने स्वतःच नाव सांगितले.

"आनंदादा?" सुजित म्हणाला. "या ना, या. नऊ वर्षं झाली भेटून. आज काय, रस्ता भटकलात का? माधवी, चाय टाक."

चहा नको, असे आनंदा म्हणाला. माधवीने एक स्टूल पुढे सरकविले. तो स्टुलावर बसला, आणि सुजित जमिनीवर आहे हे पाहून खाली उतरून समोर बसला. मशीन चालूच होते. टोपी, रेघ, शास्त्र यांपैकी काहीही त्याच्या तोंडून निघाले नाही.

"सुजित, त्या दिवशी माझा हात वर झाला व्हता. तुला दिसला तो खरा व्हता. सायेब आले म्हणून मी उचलला. आन् चौकशीत मी नाय म्हणलो. हाताचं मला सांगता येत नाय कसं झालं. नाय म्हणलो ते मात्र मी म्हणलो. चार दिवस इचार करून."

कात्री थांबली. सुजितच्या चेहऱ्यावर राग आला नाही, काहीच आले नाही. लांबून हाक ऐकू यावी आणि ती आपणांसच आहे की काय याची खात्री करावी, तसे त्याने डोके एका बाजूस केले.

"माधवी, मशीन बंद कर." मशीन बंद झाले. "परत बोला."

आनंदाने पुन्हा सांगितले. दुसऱ्या वेळी ते अधिक कठीण गेले.

"कुठला हात?"

"डावा."

"डावा," सुजित म्हणाला. तो माधवीकडे वळला. "मी काय बोललेलो? हॉस्पिटलमध्ये मी काय बोललेलो तुला?"

"डावा बोललेले," माधवी म्हणाली. "मीच म्हटलं, जाऊ द्या, भास झाला असेल. सगळे तेच बोलत होते."

सुजितने कात्री खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या होत्या.

"दादा, डोळ्याचं सोडा. डोळा गेला तो गेला, एकाने भागतंय. पण सगळे बोलले ना, की हात नव्हताच, याने दिमागात बघितला. तुम्ही पण बोललात, आणि तुम्ही खोटं बोलत नाही, असं मीच सगळ्यांना सांगायचो. मग मला वाटलं, बरोबर आहे. माझ्याच डोक्यात लोचा आहे. मला जे दिसतं ते नसतं." त्याने दाराबाहेरच्या रस्त्याकडे तोंड केले. "रोड क्रॉस करताना रिक्षा आलेली दिसते, तरी हिला विचारतो, खरंच आली का गं? कोणी नमस्ते केला तर हात वर करायच्या आधी हिला विचारतो. अकरा वर्षं. मी वाल्व उघडला, तो माझ्या मनाने उघडला, असं मी रोज स्वतःला बोलतो."

हे आनंदास माहीत नव्हते. आपण एका माणसाचा डोळा घेतला, एवढाच हिशेब तो आजवर मनाशी करीत आला होता. परंतु चौथ्या दिवशी, इस्त्रीचा सदरा घालून, आपण त्याचे मनही काढून घेतले होते, आणि त्या गोष्टीस कोणत्याही चौकशीत नाव नव्हते. तो म्हणाला की, म्हणशील तेथे येतो, लिहून देतो, सही करतो, साहेबांनीही पाहिले होते, त्यांनी आज कबूल केले आहे. तो भराभर बोलू लागला, आणि सुजितने एक तळहात उंचावून त्यास थांबविले.

"आज काय विचारू नका. मी तुम्हाला माफ बोलीन, नाहीतर शिव्या देईन, काय येईल ते मलाच माहीत नाही अजून. कोणालाच माहीत नाही. जरा बघू दे मला."

"बरं," आनंदा म्हणाला.

"बसायचं तर बसा. जायचं तर जा."

दार उघडेच होते. गल्लीतून स्टेशनाकडच्या रिक्षा जात होत्या, आणि वांगणीची गाडी अद्याप मिळण्यासारखी होती. आनंदास कोणी धरून ठेवले नव्हते. तो बसून राहिला. माधवी मशीनपाशी गेली खरी, परंतु तिने ते चालू केले नाही. मांडीवर लेबलांची चळत घेऊन ती नवऱ्याकडे पाहत राहिली.

बऱ्याच वेळाने सुजितने कात्री उचलली. राशीतून एक पॅन्ट ओढून त्याने तिचे धागे कापले, मग ती दाराच्या उजेडात धरली. त्याच्या डाव्या बाजूस निळ्या पॅन्टींचा ढीग होता, उजव्या बाजूस काळ्या. जुन्या सवयीने त्याने माधवीकडे तोंड वळविले. तिनेही रंग सांगण्यासाठी तोंड उघडले होते. परंतु त्याने विचारले नाही. ती पॅन्ट त्याने आणखी एकदा उजेडाकडे फिरवून पाहिली, काळ्या ढिगावर ठेवली, आणि दुसरी घेतली.